एक्कावन्न ताटं आणि एक ब्लॉग

माझ्या पोटात एक सुई आहे. दिसायला ज्वारीच्या कुसळाएवढी, पण गंगाखेड आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत तिनं नावं घातली आहेत. मित्रांनो, मी भांड्यांवर नावं घालणारी जुनी मशीन. तुमच्या घरातलं एखादं जुनं स्टीलचं पातेलं उचला आणि त्याच्या काठाजवळ बघा. बारीक बारीक टिंबांनी काढलेलं कुणाचं तरी नाव दिसेल, खाली गाव, कधी एखादी तारीख. ते माझं किंवा माझ्या एखाद्या बहिणीचं काम असतं.

माझा जन्म हैदराबादेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. हातात मावेल एवढी मी, मागं एक वायर, पुढं सुई. बटण दाबलं की घर्रर्र करत सुई पुढं-मागं नाचते. गंगाखेडच्या बाजारात बन्सीधरशेठ यांचं भांड्यांचं दुकान होतं. मी येईपर्यंत तिथं छिन्नी आणि हातोडीनं नावं ठोकली जात. एका ताटाला पाव तास लागायचा आणि शेजारचा कापडवाला कान दुखले म्हणून ओरडायचा. बन्सीधरशेठ मला आगगाडीनं घेऊन आले. सबंध रस्ताभर त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. दुकानात आल्यावर मला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग सगळ्यांना प्रश्न पडला, की हिला चालवणार कोण?

दुकानात अप्पाराव नावाचे एक गडी होते. मूळचे पेडगावचे. लहानपणी गुरं राखली, शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण हात असा, की पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला अख्खं गाव त्यांनाच बोलावत असे. दुकानात ते खोकी उचलायचं काम करत. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी कोळशानं फरशीवर नक्षी काढली. ती नक्षी म्हणजे समोरच्या खोक्यावर छापलेलं कंपनीचं इंग्रजी नाव होतं, जसंच्या तसं. बन्सीधरशेठ जेवून परत आले आणि बघतच राहिले.

"का रे अप्पा, तुला इंग्रजी बी येतं व्हय? आन् मी तुला खोकी उचलायला लावायलोय!"

अप्पारावांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते त्या मानेवरून कळत नव्हतं. बन्सीधरशेठांनी ते हो धरलं आणि मला त्यांच्या हातात दिलं.

मित्रांनो, अप्पारावांना इंग्रजी तर सोडाच, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. हे दुकानात फक्त मला माहीत होतं. ज्याला वाचता येतं त्याचा हात अक्षराच्या थोडा पुढं धावतो. 'गंगा' झालं की तो 'खेड'कडं निघालेला असतो. अप्पारावांचा हात कधीच पुढं धावला नाही. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून देई. ती चिठ्ठी ते समोर ठेवत, अक्षरांची वरची रेघ वरच्या बाजूला आली आहे ना ते बघत, आणि मग एकेक वळण एखाद्या वेलीसारखं ताटावर उतरवत. त्यांना ती वेल वाटायची, लोकांना ते नाव वाटायचं. काम मात्र इतकं सुबक, की सोनपेठ-पाथरीकडची माणसं भांडी तिकडं घेत आणि नाव घालायला आमच्याकडं येत.

"छापल्यावाणी अक्षर हाय हो तुमचं," असं कुणी म्हणालं की अप्पारावांची माझ्यावरची पकड घट्ट व्हायची. कौतुकानं त्यांना घाम फुटत असे. असं एक-दोन नाही, नऊ वर्षं चाललं.

मग एके दिवशी सुमंगलाबाई दुकानात आल्या. जवळच्याच एका खेड्यात त्या पहिलीच्या वर्गाला शिकवत. त्यांच्या आईला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि त्यासाठी बाईंना गावाला एक्कावन्न ताटं भेट द्यायची होती. गावाची म्हणून सामाईक भांडी असतात, लग्नकार्यात ती कुणीही नेतात. अशी भांडी बहुतेक लोक घरातलं माणूस गेल्यावर देतात. त्यामुळं नाव घालणारे सवयीनं नावाआधी 'कै.' घालून मोकळे होतात. बाईंना त्याचीच धास्ती होती. त्यांनी चिठ्ठीवर आईचं नाव आणि निमित्त लिहिलं, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना लिहिली. त्यांना बस गाठायची होती. चिठ्ठी अप्पारावांच्या हातात देऊन त्या गेल्या. बन्सीधरशेठ माल आणायला नांदेडला गेले होते.

अप्पाराव दिवसभर बसले. मी इतकी तापले, की मला मधे दोनदा थांबवावं लागलं. संध्याकाळपर्यंत एक्कावन्न ताटं तयार झाली. प्रत्येक ताटावर सुंदर, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'श्रीमती लक्ष्मीबाई यांच्या पंचाहत्तरीनिमित्त गावास भेट. कै. घालू नये, आई जिवंत आहे.'

दुसऱ्या दिवशी सुमंगलाबाई ताटं न्यायला आल्या. पहिलं ताट त्यांनी हातात घेतलं, वाचलं, खाली ठेवलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मग त्यांनी अप्पारावांकडं पाहिलं. अप्पाराव हसत उभे होते. एवढं देखणं काम आपण उभ्या जन्मात केलं नाही, असं त्यांना वाटत होतं.

"अप्पाराव," बाई हळूच म्हणाल्या, "ह्या ओळीत काय लिहिलंय?"

अप्पारावांचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी ताटाकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं पाहिलं. पहिलीला शिकवणाऱ्या बाईंना तेवढं पुरेसं होतं.

तेवढ्यात नांदेडहून परतलेले बन्सीधरशेठ आतून आले. त्यांनी एक ताट उचललं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अप्पा! हे काय घालून ठेवलंस रे?"

आता अप्पाराव कामावरून जाणार, हे मला दिसत होतं.

"मीच सांगितलं होतं तसं," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"बाई, असं कुणी घालतं का ताटावर? आई जिवंत हाय म्हणून?"

"माझी आई आहे. मी घालीन. जिवंत आहे, ते सांगायची चोरी आहे का?"

बन्सीधरशेठांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. शिकलेल्या माणसांचं असंच असतं, असं काहीतरी पुटपुटले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. मग बाई अप्पारावांजवळ येऊन काहीतरी सांगू लागल्या. पण अप्पारावांनी काम चाललंय असं दाखवायला मला चालू केलं होतं, आणि माझ्याच घर्रर्र आवाजात मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की अप्पाराव आधी नको नको म्हणत होते आणि शेवटी त्यांनी मान हलवली. या वेळी ती मान स्वच्छ हो म्हणाली.

पंचाहत्तरीच्या पंगतीत काय झालं, ते बाईंनीच नंतर येऊन सांगितलं. जो जेवायला बसे तो भात पडायच्या आधी ताट वाचे आणि हसत सुटे. लक्ष्मीबाई काठी टेकत पंगतीत फिरत होत्या आणि म्हणत होत्या, "एक्कावन्न ताटांनी मी जित्ती हाय म्हणून सांगितलंय. आता मरायची बी सोय ऱ्हायली न्हाई!" त्यापुढं त्या अकरा वर्षं जगल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी एक गोष्ट घडली, ती मी जन्मात विसरणार नाही. एका हंड्यावर नाव चाललं होतं. नाव संपलं, गाव सुरू झालं, आणि पहिलंच अक्षर होत असताना अप्पारावांचा हात चिठ्ठीच्या पुढं धावला. मधेच त्यांनी मला थांबवलं. ओठ हलवून चिठ्ठी वाचली. 'पेडगाव'. त्यांचं स्वतःचं गाव. नऊ वर्षांत ते नाव त्यांनी कितीतरी वेळा घातलं होतं आणि आज पहिल्यांदा त्यांची-त्याची ओळख झाली. अप्पारावांनी उपरण्यानं डोळे पुसले. गिऱ्हाईक म्हणालं, "स्टीलचा कीस गेला का डोळ्यात?" "हो, गेला," ते म्हणाले.

पुढची तीस वर्षं आम्ही सुखानं काम केलं. माझी कॉईल दोनदा जळली, दोनदा भरून आणली. मग हळूहळू लग्नाच्या पंगतीत कागदाच्या पत्रावळ्या आल्या, जेवण करून देणारे आपलीच भांडी आणू लागले. भांडी हरवायची भीती उरली नाही, तशी नावांची गरज उरली नाही. बन्सीधरशेठ गेले. त्यांच्या घरच्यांनी दुकान आवरताना मला अप्पारावांच्याच हातात दिलं. त्यांनी मला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरच्या फळीवर ठेवलं. पुढं त्यांच्या हाताला कंप सुटला आणि मला कुणी खाली काढेना. एकदा उंदरानं माझी वायर कुरतडली. मी रुसले नाही, पण वाईट वाटलं.

त्या दिवसांत अप्पाराव खाली बसून वहीत लिहीत असत. कुणाचं नाव कुणी घालून घेतलं, का घालून घेतलं, अशा आठवणी. कोणत्या सुनेनं माहेरच्या तांब्यावर सासरचं नाव घालू दिलं नाही, कोणत्या दोन भावांनी वाटणीनंतर एकाच पातेल्यावर दोन नावं घातली, असं सगळं. अक्षर थरथरतं, पण गोष्टी सरळ.

त्यांची मुलगी रेणुका परभणीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एका रविवारी ती आली, वही वाचत बसली आणि चहा गार करून टाकला.

"बाबा, हे घरात पडून राहायला नको. मी तुमचा ब्लॉग काढते."

"काय काढतीस?" चुलीकडून बायनाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं.

"ब्लॉग म्हणजे संगणकावरची वही, आई. जगात कुणालाही उघडून वाचता येते."

"कुणी बी वाचणार? मग ह्यांला म्हणावं, जरा दाढी करून बसा."

रेणुकानं लॅपटॉप उघडला. सगळं भराभर भरलं आणि एका रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबली. तिथं ब्लॉगचं नाव हवं होतं.

"नाव मी ठरवूनच आले आहे," ती म्हणाली. "'अक्षरांचा जादूगार'. सातवीत मी तुमच्यावर निबंध लिहिला होता ना, त्याचंच नाव. बक्षीस मिळालं होतं! माझ्या मैत्रिणी अजून विचारतात, कसे आहेत तुझे जादूगार?"

अप्पाराव बोटांनी वहीचा कोपरा दुमडत राहिले.

"नको माय. लय मोठं हाय ते."

"मग 'सुवर्णाक्षरं'?"

"सोनं कुठलं? सगळं स्टील व्हतं."

"बाबा, चारची गाडी आहे माझी. आत्ता काहीतरी टाकू या, नंतर बदलता येतं."

"बदलता येतं?" अप्पारावांना ते पटेचना. "मी घातलेलं नाव कधी निघालं न्हाई. बदलता येतंय म्हणून खोटं नाव घालायचं व्हय?"

"खोटं? त्यात खोटं काय आहे?"

अप्पाराव उठले. फळीवरून त्यांनी मला खाली काढलं, फडकं सोडलं आणि मांडीवर घेतलं. किती दिवसांनी त्या हातांचा स्पर्श झाला मला! त्यांनी माझी वायर बोटाभोवती गुंडाळली आणि पुन्हा सोडली. जिच्या डोळ्यांत आपण जादूगार आहोत तिला काय सांगावं, आणि सांगितल्यावर ते डोळे कसे होतील, याची ती भीती होती.

"हिला ठाव हाय," माझ्याकडं बोट दाखवून ते म्हणाले. "पहिली नऊ वर्सं मला एक अक्षर येत नव्हतं, रेणुका. मी नुसती चित्रं काढली."

रेणुका आधी हसली. मग तिला दिसलं, की बाप हसत नाही. अप्पारावांनी ताटांची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली. ती ऐकताना एरवी ती खदखदून हसली असती. आज नाही हसली.

"म्हणजे माझा निबंध खोटा," ती म्हणाली. "त्यात लिहिलं होतं, माझे बाबा लहानपणापासून अक्षरांवर प्रेम करत. सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवला होता मी. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता, बाबा. तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुझं तोंड बघून धीर झाला न्हाई."

"आई, तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? औषधाची बाटली आणली की घरी यायच्या आधी शेजारच्या गुरुजीकडं जायचे. मी काय आंधळी हाय का? पण मी बी कुठं शिकले होते? मी कोणत्या तोंडानं बोलू?"

रेणुका बापाकडं वळली. "मग शिकलात कुणाकडं? सुमंगलाबाईंकडं?"

"बाई म्हनल्या, मी रोज कुठून येऊ? घरात शाळंत जाणारं कुणी हाय का? मी म्हनलं, पोरगी पहिलीत हाय. मग म्हनल्या, तिच्यापुढं मांडी घालून बसा. म्हणा, आज शाळंत काय झालं ते मला शिकीव. तिला वाटंल बाप खेळायलाय. कुणाला कळायचं बी न्हाई."

मित्रांनो, दुकानात माझ्या आवाजात बुडालेलं बोलणं ते हे होतं. मलाही आत्ताच कळत होतं.

रेणुकानं लॅपटॉप बाजूला सारला. "शाळा-शाळा," ती म्हणाली. "रोज दिवेलागणीला. मी पट्टी घेऊन बसायचे. तुम्हाला नावानं हाक मारायचे, अप्पाराव उभे राहा म्हणून. 'ळ' येत नव्हता म्हणून मी तुम्हाला कोपऱ्यात उभं केलं होतं, बाबा!"

"दोनदा."

"मला वाटायचं, तुम्ही मला हसवायला मुद्दाम चुकता."

"मुद्दाम कधीच चुकलो न्हाई, माय."

तिनं तोंडावर हात ठेवला. हसत होती की रडत होती, ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. बायनाबाई मात्र भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आन् काय तो दरारा हिचा! ह्यांनी नीट म्हनलं तरी पट्टी आपटायची. 'पुन्हा म्हणा! पुन्हा म्हणा!' रोज त्येच. ऐकून ऐकून मला निम्मी बाराखडी पाठ झाली व्हती."

ते ऐकून रेणुकानं पडद्यावर मराठी अक्षरांची पाटी उघडली आणि लॅपटॉप उचलून बापाच्या मांडीवर, माझ्या शेजारी ठेवला. "तुम्हीच लिहा," ती म्हणाली.

अप्पारावांनी एक बोट पुढं केलं. आधी त्यांनी वरची रेघ कुठं येते ते पाहिलं असावं, कारण ते जरा थबकले. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी ब्लॉगचं नाव लिहिलं: 'पुन्हा म्हणा'. खाली लेखकाबद्दल लिहायची जागा होती. तिथं ते आधी बोलले आणि मग सावकाश लिहिलं: 'गंगाखेडला भांड्यांवर नावं घालायचो. पहिली नऊ वर्षं मला वाचता येत नव्हतं.'

"हे राहू दे?" त्यांनी विचारलं. "तुझ्या मैत्रिणी बी वाचतील."

रेणुकानं तो ब्लॉग लोकांसाठी खुला केला, फोन घेतला आणि ज्या मैत्रिणींसमोर तो निबंध वाचला होता त्या सगळ्यांना पत्ता पाठवला. सोबत काय लिहिलं ते तिनं बापाला मोठ्यानं वाचून दाखवलं: "हे माझे बाबा. माझे पहिले विद्यार्थी. 'ळ' उत्तम काढतात."

तिची चारची गाडी चुकली. ती सहाच्या गाडीनं गेली. जाण्याआधी तिनं माझ्या कुरतडलेल्या वायरला चिकटपट्टी लावली आणि सुईत तेलाचा एक थेंब सोडला. आता मी फळीवर नसते, अप्पारावांच्या वहीशेजारी असते. मला घेऊन येणाऱ्या बन्सीधरशेठांचे, खोटं बोलून एक माणूस वाचवणाऱ्या सुमंगलाबाईंचे, आणि पट्टी आपटणाऱ्या त्या पहिलीतल्या मास्तरणीचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांच्यामुळं माझी टिंबं अक्षरं झाली.

मित्रांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या थांब्यावर कधी एखादं वयस्कर माणूस तुमच्यापुढं कागद धरील आणि म्हणेल, "चष्मा घरी राहिला, जरा एवढं वाचून दे." चष्मा कुठं राहिला, असं विचारू नका. वाचून द्या. आणि वेळ असला तर सावकाश, एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचा.